चौथा रकाना

लोकांना सांगताना मी स्पर्धेचं नाव घेते.
चंद्रपूर, डेडलिफ्ट, तिसरा प्रयत्न.
खरं तर कूलर होता.
सक्करदऱ्याचं घर, मार्चमधली दुपार,
गच्चीवरून उतरवायचा लोखंडी कूलर,
टाकीत मागच्या उन्हाळ्यातलं चार बोटं पाणी.
एकशे वीस किलो उचलणारी मी
श्वास न भरता, पट्टा न बांधता,
वहिनीशी बोलता बोलता वाकले.
कमरेत काहीतरी पापडासारखं मोडलं.
आवाज फक्त मला आला.

तेरा महिने झाले त्याला.

आता जेवणाच्या टेबलावर तीन कागद आहेत.

एक माझीच जुनी वही.
आठवड्याचे चार दिवस, टक्केवारी,
पंच्याऐंशी, नव्वद, साडेब्याण्णव.
शेवटच्या पानावर: पुढच्या सोमवारी १२५, नक्की.
‘नक्की’खाली दोन रेघा.
ही बाई ओळखीची वाटते,
आणि माझ्यावर जरा चिडलेली.

दुसरा भाच्यानं मोबाइलवरून छापून आणला.
‘मावशी, एकदम सोपं आहे ना,
दर वेळी अडीच किलो वाढवायचे, बस.’
तेवीस वर्षांचा आहे मनीष.
त्याला अजून बेरीज तेवढीच शिकवलेली.
मी बारा आठवड्यांचा हिशेब मांडला,
आकडा बघून मोहरले,
आणि खुर्चीवरून उठताना टेबलाला हात टेकवला.

तिसरा फिजिओचा, धंतोलीच्या शाहीन मॅडमचा.
त्यात वजनच नाही.
रांगायच्या पवित्र्यात उजवा हात पुढे, डावा पाय मागे,
दहा मोजा.
खाली पेनानं एक ओळ:
दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं तेवढंच असेल तर पुढे,
वाढलं असेल तर मागे.
‘हा काय प्रोग्राम झाला?’ मी म्हटलं.
‘तुमची सकाळ मला कशी कळणार?’ त्या म्हणाल्या,
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पराते सरांच्या जिमवर अजून पत्रेच आहेत.
तिन्ही कागद त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचले.
तर्रीचा एक डाग वहीवर पडला, नव्वद टक्क्यांवर.
‘कोणता बी घे, वाईट एकही नाही.
पण निवडून कोणासाठी राह्यली, ते सांग.
चंद्रपूरवाल्या पोरीसाठी, का हिच्यासाठी?’
मी गप्प.
‘काऊन बाप्पा, इतका अवघड सवाल आहे काय?’

होता.

रात्री वहीचं कोरं पान काढलं.
तारीख, वजन, सेट, हे तीन रकाने हाताला पाठ.
पट्टी धरून चौथा आखला.
नाव सुचेना. पंखा फिरत होता, पान उडत होतं.
शेवटी लिहिलं: सकाळी.

सोमवार. रिकामी दांडी, वीस किलो,
ठोकळ्यांवर, गुडघ्याच्या उंचीला.
शेजारच्या पोरानं कानातलं काढून सांगितलं,
‘मॅडम, प्लेटा लावायच्या राहिल्या.’
‘लावल्यात,’ मी म्हटलं.
तो हसला. त्याला विनोद वाटला.
श्वास पोटात भरला, कुशीत भरला,
पाठीला मागून कोणी हात लावल्यासारखा भरला.
पावलांनी फरशी ढकलली.
दांडी मांडीला घासत वर आली.
पाच वेळा.
सहावी यायला तयार होती, अगदी दारात उभी.
मी तिला परत पाठवलं.
त्या दिवशी सगळ्यात जड तेच गेलं.

मंगळवार, सकाळी: तेवढंच.
शुक्रवार, सकाळी: थोडं जास्त.
ऑफिसात दिवसभर बसल्यामुळं असेल,
पण कारण लिहायला रकान्यात जागा नव्हती,
बरंच झालं.
पुढच्या सोमवारी
‘नक्की’ शब्द न वापरता पुन्हा वीस.

काल पारा त्रेचाळीसवर गेला.
समोरच्या निखाऱ्यांची दोन पोरं कूलर उतरवायला आली,
गच्चीत वाकली पण.
मी जिन्याच्या मधल्या पायरीवर, कठड्याला धरून.
‘थांबा रे,’ ओरडले,
‘आधी त्यातलं पाणी काढा.’